आधी माणूस चिडतो

वहिनी : बसा. उभं राहून काय होणार आहे? आत तुम्हालाही सोडणार नाहीत आणि मलाही.

दीर : तुला का नाही सोडत? तुझाच वॉर्ड ना हा?

वहिनी : म्हणूनच नाही सोडत. इनचार्ज सिस्टरने दंडाला धरून बाहेर आणून बसवलं. म्हणाली, आज तू इथली नर्स नाहीस, पेशंटची बायको आहेस, बायकोसारखी बस. इतकी वर्षं मी लोकांच्या बायकांना असंच बाहेर काढत आले. हे बाकडं इतकं टोचतं, हे आज कळलं.

दीर : वहिनी, तू मला अहो-जाहो का करतेयस?

वहिनी : मग काय करू? सुपरवायझरसाहेब आहात. सख्ख्या भावाला काम करताना ओढून गेटवर नेऊन बसवता, तिथे माझी काय कथा. आपण जपून बोललेलं बरं.

दीर : टोमणे मारू नकोस. आणलं ना त्याला? माझ्याच गाडीत घालून आणलं.

वहिनी : आणलंत. बैल गेला आणि झोपा केला.

दीर : गेला काय म्हणतेस? असं तोंडातून काढू तरी नकोस. त्याला झालंय काय ते सांग. आत सगळे पळतायत, मला कुणी धड काही सांगत नाही. काचेच्या भट्टीवर चक्कर येते माणसाला. याआधीही आलीये कितीतरी जणांना. तोंडावर पाणी मारलं की उठतात.

वहिनी : ही चक्कर नाही. शॉक आहे.

दीर : शॉक? तिथे वायरबियर काही नव्हती.

वहिनी : विजेचा नाही हो. अंगातलं पाणी आणि मीठ दोन्ही गेलं. घामातून गेलं, जुलाबातून गेलं. रक्त फिरवायला नळ्यांमध्ये पाणीच उरलं नाही. मग हृदय जिवाच्या आकांताने धावतं. असेल नसेल ते मेंदूला देतं, स्वतःला ठेवतं, आणि हातापायांना, मूत्रपिंडांना सांगतं की तुम्ही थांबा. ते थांबतात. फार वेळ थांबले की मग कायमचे थांबतात. म्हणून आत सगळे पळतायत.

दीर : जुलाब? दादाला जुलाब कधी होत होते?

वहिनी : कालपासून असणार. मलाही आत्ताच कळलं. तुम्ही त्याला स्ट्रेचरवर टाकलंत तेव्हा त्याच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट पडलं. जुलाब थांबवायच्या गोळ्या. दुकानातून आणून गुपचूप खात होता.

दीर : हे बघ, तू घरात नर्स. रोज त्याच्यासोबत राहतेस. तुला कळलं नाही आणि मला कळायला हवं होतं?

वहिनी : मी काल दुपारपासून इथे होते. सकाळी घरी गेले तेव्हा तो निघून गेला होता. डबा तसाच ओट्यावर. मला वाटलं घाईत विसरला. मग तुमचा फोन आला तशी परत धावत आले. त्याने लपवलं माझ्यापासून. आता का लपवलं ते तुम्ही सांगा. या आठवड्यात कुणी रजा मागायची नाही, हा हुकूम कोणाचा?

दीर : मोठी ऑर्डर आहे. बाटल्या वेळेत गेल्या नाहीत तर पुढचं काम जातं. आणि हुकूम सगळ्यांना होता, एकट्या दादाला नव्हता.

वहिनी : तेच तर. मी रजा घे म्हटलं असतं तर तो मला म्हणाला असता, धाकट्याला नुकतं वर घेतलंय, भावानेच पहिली रजा टाकली तर लोक त्याला काय म्हणतील. हे शब्द मी बनवत नाहीये. परवा ताप होता तेव्हा हेच म्हणाला होता. तुमची खुर्ची सांभाळत होता तो, भट्टीपुढे उभा राहून.

दीर : मी नव्हतं सांगितलं त्याला सांभाळायला.

वहिनी : नाही. तुम्ही काहीच सांगितलं नाहीत आणि काहीच विचारलं नाहीत. आता मात्र सांगा. सकाळपासून काय झालं, पहिल्यापासून. गाळू नका आणि स्वतःला सावरत बसू नका. आत डॉक्टर विचारतील, मला नीट सांगता आलं पाहिजे.

दीर : काय सांगू? आला. एप्रन घातला. साच्यावर उभा राहिला. पहिला चहा नको म्हणाला. मग मी फेरी मारताना बघतो तर त्याच्या साच्यातून निघालेल्या बाटल्यांच्या गळ्याला चीर. एक नाही, ओळीने. मी शांतपणे म्हटलं, दादा, साचा तापलाय का बघ. तर अंगावरच आला. सगळ्या लाइनीसमोर. म्हणे, कालपर्यंत तुझं नाक मी पुसत होतो, तू मला साचा शिकवतोस? आणि एक शिवी. दादा. ज्याच्या तोंडून मी जन्मात शिवी ऐकली नाही.

वहिनी : मग तुम्ही काय केलंत?

दीर : काय करणार? पोरं हसायला लागली. मला वाटलं, निघालं शेवटी पोटातलं. मी त्याच्यावर साहेब होऊन बसलो हे त्याला पचलेलं नाही. वरवर हसतो, पेढ्यासारखा गोड बोलतो, आणि आत जळतोय. मी म्हटलं, इथून बाहेर हो. डोकं ठिकाणावर आलं की ये. ऐकेना, तेव्हा मनगटाला धरून गेटपर्यंत नेलं.

वहिनी : मनगट कसं होतं?

दीर : कसं म्हणजे?

वहिनी : गरम होतं की गार?

दीर : ...गार होतं. ओलं, गार. चिखलातून काढल्यासारखं.

वहिनी : भट्टीपुढून उचललेल्या माणसाचा हात गार. आणि तुम्हाला काही वाटलं नाही.

दीर : मला राग आला होता. रागात हाताचं काय कळतं, वहिनी?

वहिनी : नाही कळत. आमच्याकडे नव्या मुली येतात ना, त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगते. शांत पेशंट एकाएकी भांडायला लागला, सुई उपटायला लागला, तुम्हाला वेडंवाकडं बोलला, तर आधी नाडी बघा. अपमान नंतर वाटून घ्या. मेंदूला रक्त कमी पडलं की आधी माणूस चिडतो. अस्वस्थ होतो, एका जागी टिकत नाही. तो तुमच्यावर जळत नव्हता. तो बुडत होता आणि हात मारत होता.

दीर : मग मलमपट्टीवाल्याला का नाही कळलं? मी काय त्याला असाच सोडला नाही. प्रथमोपचाराचा माणूस ठेवलाय आम्ही. त्याला गेटवर पाठवलं. त्याने मशीन लावून बघितलं. म्हणाला, साहेब, ब्लडप्रेशर बरोबर आहे, नाटक आहे.

वहिनी : ब्लडप्रेशर शेवटी पडतं.

दीर : म्हणजे?

वहिनी : म्हणजे शरीर अगदी शेवटपर्यंत अब्रू झाकून धरतं. घरात दाणा नसला तरी दारात आलेल्याला तोंड हसरं दाखवतात ना, तसं. हातापायांकडून काढून घेतं, कातडीकडून काढून घेतं आणि आकडा बरोबर दाखवतं. आकडा पडला म्हणजे झाकायलाही काही उरलं नाही. त्याने नाडीचा वेग बघितला का? नख दाबून सोडलं, गुलाबी व्हायला वेळ लागतो का ते बघितलं? शेवटची लघवी कधी झाली ते विचारलं?

दीर : लघवीचं कोण विचारतं फॅक्टरीत?

वहिनी : कोण विचारणार. जायलाच देत नाही तुम्ही. पुढे सांगा. गेटवर काय झालं?

दीर : गेटवर पाण्याचा पिंप आहे. तो पीत सुटला. पेल्यामागून पेला. वॉचमन म्हणाला, तहान लागलीये साहेब, पिऊ दे. मीही म्हटलं, पी बाबा, थंड हो. मग ओकला. मग परत प्यायला. मग बसल्या बसल्या कलंडला आणि अंगाला झटके यायला लागले. तेव्हा मी घाबरलो.

वहिनी : पिंप गेटवर कधीपासून आहे? आधी लाइनीच्या मागे होता. मी डबा द्यायला आले होते तेव्हा बघितलाय. त्यातलं पाणी मीठ-साखर घातलेलं असायचं.

दीर : मी हलवला.

वहिनी : का?

दीर : पिंपाशी घोळका व्हायचा. पाणी प्यायचं, मग मुतायला जायचं, मग विडी. साच्यावर माणूस नाही. गेटवर ठेवला तर खरी तहान लागलेलाच जातो. मीठ-साखरेचं पण बंद झालं, कारण ते कालवायचं कुणी... आता तू माझ्याकडे अशी बघू नकोस.

वहिनी : मी बघत नाहीये. मला भीती वाटतेय की मी तुमच्या थोबाडीत मारेन, म्हणून हात मांडीखाली घेऊन बसलेय.

दीर : मार. मारायची असेल तर मार.

वहिनी : मारून काय त्याच्या अंगात मीठ जाणार आहे? घामातून नुसतं पाणी जात नाही, मीठ जातं. आधीच मीठ गेलेल्या अंगात त्याने नुसतं पाणी ओतलं. होतं नव्हतं तेही पातळ झालं. मेंदू त्या पाण्याने फुगतो, म्हणून झटके. शरीर पाणी पाणी करत होतं आणि पाण्यानेच घात केला. त्याला दोन्ही हवं होतं, तेही सकाळी. तुमच्या घोळक्यात उभं राहून, घोट घोट.

इनचार्ज : ऐक गं. दोन्ही हातांना सलाईन चालू आहे. प्रेशर हळूहळू उचलतंय. सोडियम बरंच खाली आहे, पोटॅशियमही कमी आहे. अजून काही गोळ्या घेतो का तो? ब्लडप्रेशरच्या वगैरे?

वहिनी : नाही. फक्त जुलाबाच्या त्या, कालपासून. गेटवर साधं पाणी खूप प्यायला आणि ओकला. लघवी?

इनचार्ज : नळी घातलीये. पिशवी कोरडी आहे.

वहिनी : पोटॅशियम लावलं नाही ना अजून?

इनचार्ज : लघवी सुरू झाल्याशिवाय हात लावणार नाही. आणि मला शिकवू नकोस. बायकोसारखी बस म्हटलं ना.

दीर : सिस्टर, तो पाणी मागतोय. मला बाहेर ऐकू येतंय. दोन चमचे तरी द्या.

इनचार्ज : ह्यांना समजाव तू. मी आत जाते.

दीर : गेली. बघितलंस? माणूस पाण्यासाठी तळमळतोय आणि ह्यांचा तोरा बघ. मीठ कमी झालंय म्हणता, तर भरा की मीठ भराभर. थेंब थेंब कसलं चालवलंय? आणि ते पोटॅशियम का काय, तेही कमी आहे म्हणे, आणि देत नाहीत. कशाची वाट बघताय तुम्ही लोक?

वहिनी : आवाज खाली. आत दुसरेही पेशंट आहेत. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी घातलं तर ते पोटात जात नाही, छातीत जातं. पोटॅशियम लघवीवाटे बाहेर पडतं. लघवीच बंद असताना दिलं तर रक्तात साचतं आणि हृदय जागच्या जागी थांबतं. आणि मीठ एकदम वर आणलं तर मेंदूला कायमची इजा होते. सुकलेलं कातडं हळूहळू भिजवतात, एकदम ओढलं तर फाटतं. ती थेंब थेंब देतेय म्हणून तर मी इथे गप्प बसू शकतेय. ती घाई करणारी असती तर मला कुणी बाहेर काढू शकलं नसतं.

दीर : मला नुसतं बसवत नाही.

वहिनी : मलाही नाही. आत प्रत्येक आवाज मला कळतोय. आत्ता वाजलं ते मशीन कशासाठी वाजलं, ड्रॉवर कुठला उघडला, सगळं. तुम्ही तरी सुखी आहात, तुम्हाला नुसता आवाज ऐकू येतो.

दीर : आजचा दिवसच वाईट. सकाळपासून सगळ्यांचंच डोकं फिरलंय. दादा असा. त्याच्याआधी मामांनी तमाशा केला.

वहिनी : कोण मामा?

दीर : अगं, ते म्हातारे. भट्टीच्या तोंडाशी असतात. मला आणि दादाला दोघांनाही त्यांनीच काम शिकवलं. सगळे मामाच म्हणतात. आज काय झालं, काच फुंकायची फुंकणी फेकून दिली आणि बडबडत सुटले. कुठे ठेवू, काय करू, असं काहीतरी. उठत होते, बसत होते. मी म्हटलं, मामा, जरा शांत व्हा, आणि मागच्या स्टोअरमध्ये बसवून आलो.

वहिनी : कधी?

दीर : दादाच्या भानगडीच्या आधी.

वहिनी : सोबत कोण आहे?

दीर : कुणी नाही. लाइनीवर माणसं कमी आहेत.

वहिनी : आणि अजून तिथेच आहेत?

दीर : असतील. दादाच्या गडबडीत मी... दार नुसतं लोटलंय, कडी नाही लावली.

वहिनी : फोन लाव. मलमपट्टीवाल्याला. लाव म्हटलं ना, माझ्या तोंडाकडे काय बघतोस? आण इकडे. हॅलो. मी साच्यावरच्या दादांची बायको बोलतेय, नर्स आहे. पळत स्टोअरमध्ये जा. फोन चालू ठेवून जा... नाही, साहेबांना विचारायचं नाही, साहेब माझ्यासमोर बसलेत. पोचलात? मामा कुठे आहेत?... जमिनीवर. झोपलेत की पडलेत? हाक मारा. मोठ्याने. डोळे उघडले?... बरं. हात गार आहेत का? चिकट? नख दाबा, सोडा, रंग यायला वेळ लागतोय का... लागतोय. प्रेशरचं मशीन बाजूला ठेवा, मला आकडा नकोय. मनगटाची नाडी सांगा... लागत नाही? मानेची बघा. पळतेय? ठीक आहे. सपाट झोपवा, पायाखाली पोती द्या. शर्ट सैल करा, दार उघडा, दोघांना वारा घालायला उभं करा. ओकायला लागले तर कुशीवर करा. पाणी मागतायत?... देऊ नका, नुसते ओठ ओले करा. गुंगीत आहेत ते. आणि कुणाची गाडी आहे तिथे?... मालकांची आहे ना उभी. तीच. मी सांगितलं म्हणून सांगा. मला येऊन काय बोलायचं ते बोलू देत.

दीर : वहिनी, मामा...

वहिनी : जिवंत आहेत. अजून. आता दुसरा फोन तू कर. लाइन थांबव.

दीर : भट्टी थांबत नाही. काच आतच गोठली तर अख्खी भट्टी फोडावी लागते.

वहिनी : भट्टी विझव कोण म्हणतंय? माणसं बाजूला कर. सगळी. सावलीत आण, आणि एकेकाला विचार सकाळपासून लघवी झाली का. ज्याला आठवत नाही, त्याला इथे पाठव. जो तुझ्यावर ओरडेल, त्याला सगळ्यात आधी.

दीर : मालकांना विचारल्याशिवाय केलं तर ही खुर्ची उद्या माझी नाही.

वहिनी : मग त्यांना विचार. विचार आणि त्यांनी नाही म्हटलं की माझ्याकडे फोन दे. किंवा असं कर, आत जाऊन भावाला विचार. तुझ्या खुर्चीची त्यालाच जास्त काळजी.

दीर : ...हॅलो. मी बोलतोय. लाइन सोडा. सगळ्यांनी. आत्ता. हातातली फुंकणी आहे तिथे ठेवा. भट्टीवाला एकटा आच धरून राहील, तोही आलटूनपालटून. हो, मीच सांगतोय. ऑर्डर गेली खड्ड्यात. पिंप आत आणा, त्यात मीठ आणि साखर घाला... किती? वहिनी, किती?

वहिनी : लिटरला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चहाचा चमचा, सपाट. आणि घोट घोट प्यायला सांग, ढसाढसा नाही.

दीर : ऐकलंस ना? कालव आणि स्वतः उभं राहून पाज. मालकांचा फोन आला तर मला लाव म्हणावं... येतोच आहे तो. थांब, ठेव. हॅलो. हो साहेब, मीच थांबवली. नाही. नाही साहेब, परत नाही लावणार. गाडीही मीच मागवली. तुम्ही म्हणाल ते. माझा भाऊ आत आहे, दुसरा माणूस वाटेत आहे. तुम्ही म्हणाल ते, पण उद्या म्हणा. आज नको.

वहिनी : काय म्हणाले?

दीर : बरंच काही. आईवरून सुरुवात केली. ब्लडप्रेशर त्यांचंही चढलं असेल.

वहिनी : त्यांचं चढू दे. चढलेलं दिसतं तरी.

इनचार्ज : आली गं. लघवी. पिशवीत दिसतेय. गडद आहे, पण आहे. नाडीचा वेगही उतरतोय. आता पोटॅशियम लावते, पंपावर, सावकाश. अगं, अशी डोकं धरून काय बसलीस, चांगली बातमी आहे.

वहिनी : माहितेय. मला माहितेय. जरा बसू दे मला.

दीर : वहिनी, रडू नकोस. लघवीला कुणी रडतं का?

वहिनी : या बाकड्यावर रडतात. तू कधी बसला नाहीस म्हणून तुला माहीत नाही. आणि माझा राग गेला असं समजू नकोस. तो उठला की त्याच्यावरही काढणार आहे. डबा ओट्यावर ठेवून गेला.

इनचार्ज : हवं तर आत जा थोडा वेळ. ओळखतोय. तुझं नाव घेतलं.

वहिनी : येते. ती गाडी कुणाची आली?

(दारात स्ट्रेचर. त्यावर मामा. वारा घालणारे दोघे अजून हातात पुठ्ठे घेऊन सोबत चालताहेत.)

दीर : मामा आले. वहिनी, तू आत जा दादाकडे, मी ह्यांना...

वहिनी : तू काय करणार? सिस्टर, हे माझे कोणी लागत नाहीत. ह्यांना हात लावायला हरकत नाही ना?

इनचार्ज : माझ्या सगळ्या मुली आत अडकल्यात. घे. जाड सुया घे, दोन्ही हातांना. मी डॉक्टरांना पाठवते.

वहिनी : मामा, मी इथली नर्स. इकडे बघा. चिडा, ओरडा, चालेल, फक्त डोळे मिटू नका. पाण्याची नळी लावतेय, थोडं टोचेल. भाऊजी, नुसता उभा राहू नकोस. ह्या स्ट्रेचरची पायाकडची बाजू वर होत नाही, मोडलीये. पाय धर त्यांचे.

मामा : अहो साहेब... पाय कशाला... राहू द्या...

वहिनी : धरू द्या त्याला, मामा. अजून वर धर.